चंदेरी पानांची झाडं बियांपासून: पहिल्या हिवाळ्याची तयारी

फुलझाडांच्या गर्दीत पांढरट-राखाडी पानांची एखादी कुंडी ठेवली की शेजारच्या फुलांचे रंग लगेच उठून दिसतात. लाल साल्व्हियाच्या पुढे डस्टी मिलर या चंदेरी पानांच्या झाडाची एक रांग लावून पाहा, किंवा जांभळ्या पिटुनियात दोन-तीन रोपं मिसळून पाहा. संध्याकाळी बाकीची बाग काळवंडते, तेव्हाही ही पानं दिसत राहतात. तयार रोपं रोपवाटिकेत डिसेंबरच्या सुमारास येतात, पण बहुतेक वेळा चिकट लाल मातीत घट्ट ठासलेली असतात. घरी आणल्यावर वरून पाणी घालायचं आणि मुळं आतून कुजत राहायची, असा प्रकार होतो. बियांपासून वाढवलं तर माती कोणती वापरायची ते तुम्ही ठरवता, आणि या झाडांचं भवितव्य मातीवर व पाण्यावरच अवलंबून असतं.

पान चंदेरी का दिसतं हे आधी समजून घेतलं तर पुढच्या निम्म्या सूचना आपोआप लक्षात राहतात. पान मुळात हिरवंच असतं. त्यावर बारीक पांढऱ्या केसांची दाट लव असते. डस्टी मिलरचं जुनं पान नखाने हलकेच खरवडा, लव निघून येते आणि खालचा हिरवा रंग दिसतो. ही लव ऊन परतवते आणि पानातलं पाणी उडू देत नाही. म्हणजेच ही झाडं कोरड्या, उघड्या, खडकाळ जागांसाठी घडलेली आहेत. डस्टी मिलर भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरचं. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे नेमकं उलटं: गरमी आणि पाऊस एकत्र येतात, हवा दमट, माती आठवडेच्या आठवडे ओली. लवेत अडकलेलं पाणी वाळत नाही, पानं काळी पडतात, खोड बुडाशी मऊ होतं. नागपूरचं मे महिन्याचं ऊनही त्यांना सोसत नाही हे खरं, पण आपल्या भागात ही झाडं उन्हापेक्षा पाण्यानेच जास्त मरतात.

म्हणून नवख्याने यांना हिवाळी हंगामी झाडं समजावं. पावसाळा सरता सरता पेरायचं, डिसेंबर ते मार्च शोभा घ्यायची, पुढे टिकलं तर बोनस.

कोणतं बी घ्यावं

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी दोनच घ्या: दवणा आणि डस्टी मिलर. एक आपल्या मातीतलं आणि एक पाहुणं.

दवण्याला कुणी शोभेचं झाड म्हणत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. परदेशी बागांमध्ये ज्या चंदेरी आर्टेमिसियांचं एवढं कौतुक होतं, त्याच कुळातला हा. कातरलेली नाजूक करडी पानं, गुडघ्याच्या आसपास उंची, आणि हात लागला की सुटणारा तो वास. चैत्रात जोतिबाला वाहायचा, वेणीत माळायचा दवणा कुंडीतही तेवढाच देखणा दिसतो. आपल्याकडच्या हिवाळ्यात तो शेतातही घेतला जातो, त्यामुळे हवामानाशी त्याचं भांडण नाही. बी चांगलं असेल तर नवख्यालाही निराश करत नाही.

डस्टी मिलरचं बी विकत घेताना मात्र पाकिटावरचं चित्र नीट पाहा. जुन्या पाकिटांवर आणि याद्यांमध्ये त्याला ‘सिनेरारिया मॅरिटिमा’ म्हणतात. नुसतं ‘सिनेरारिया’ लिहिलेलं पाकीट बहुधा दुसऱ्याच झाडाचं असतं, हिरव्या रुंद पानांचं आणि निळ्या-गुलाबी फुलांच्या गुच्छांचं. तेही सुंदर आहे, पण तुम्हाला हवं ते नाही. जातींमध्ये ‘सिल्व्हर डस्ट’ची पानं लेससारखी बारीक कातरलेली असतात आणि ‘सिरस’ची रुंद, जवळजवळ अखंड. लहान कुंडीत ‘सिल्व्हर डस्ट’ शोभतं. लांबून दिसायला हवं असेल, म्हणजे गेटपाशी किंवा अंगणाच्या कडेला, तर ‘सिरस’ घ्या.

टांगत्या कुंडीसाठी डायकोंड्रा ‘सिल्व्हर फॉल्स’ छान. मूळचा अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडचा आणि मेक्सिकोकडचा, आपल्या विष्णुकांतेच्या कुळातला. गोल चंदेरी पानांच्या माळा खाली लोंबतात, आणि गरमी तो डस्टी मिलरपेक्षा बरीच सोसतो. बी महाग असतं आणि पाकिटात थोडंच येतं. चंदेरी पानं आणि फुलं दोन्ही हवी असतील तर गझानियातली ‘टॅलेंट’ मालिका पाहा.

लॅव्हेंडर आणि ‘लॅम्ब्ज इअर’ची बियाणी ऑनलाइन सगळ्यात जास्त खपतात, आणि मैदानी भागात सगळ्यात जास्त निराशाही त्यांच्याकडूनच पदरी पडते. लॅव्हेंडरचं बी उगवायला महिना घेतं, त्याआधी त्याला थंडी द्यावी लागते, आणि वाढही संथ. पहिल्या वर्षी ती वाट धरू नका.

केव्हा पेरायचं

डस्टी मिलर हळू वाढतं. पेरल्यापासून नजरेत भरण्याजोगं रोप व्हायला १० ते १४ आठवडे लागतात. नाताळच्या सुट्टीत कुंड्या तयार हव्या असतील तर पुणे, नाशिक, साताऱ्याकडे घटस्थापनेच्या आसपास ट्रे भरायला घ्या. बियांना १८ ते २४ अंश तापमान आवडतं आणि ऑक्टोबरच्या दुपारी पारा त्याच्या वर जातो, म्हणून ट्रे घरातल्या पूर्वेच्या खिडकीत किंवा सावलीच्या गॅलरीत ठेवायचा. परतीचा पाऊस उघड्यावरच्या ट्रेची वाट लावतो, हेही एक कारण. मुंबई, कोकण, गोव्यात हवा कोरडी व्हायला उशीर लागतो. तिथे दिवाळीनंतर पेरलं तरी चालेल, रोपं फेब्रुवारीपर्यंत छान होतात. विदर्भात थंडी चांगली पडते, पण मार्चपासून ऊन तापतं, त्यामुळे तिथे उशीर परवडत नाही.

दवणा ऑक्टोबरच्या शेवटी ते नोव्हेंबरमध्ये पेरा. तो भराभर वाढतो.

मिश्रण आणि ट्रे

प्रोट्रे, म्हणजे रोपांसाठीचा खणाखणांचा ट्रे, असेल तर उत्तम. नसेल तर मिठाईचा उथळ प्लास्टिक डबा घ्या आणि तापवलेल्या खिळ्याने तळाला भरपूर भोकं पाडा. खोली दोन-अडीच इंच पुरे. खोल कुंडीत बी पेरू नका. खालची माती ओलीच राहते आणि कोवळ्या मुळांना तेच नको असतं.

मिश्रण असं: दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग पर्लाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) किंवा धुतलेली जाडसर वाळू, अर्धा भाग चाळलेलं गांडूळखत. कोकोपीटची वीट पाण्यात फुगवल्यावर पहिलं पाणी पिळून टाका आणि पुन्हा एकदा साध्या पाण्यात धुवा, कारण स्वस्त विटांमध्ये क्षार बरेच असतात. शेणखत या पायरीला घालू नका. अर्धवट कुजलेलं शेणखत आणि कोवळी रोपं यांचं जमत नाही. पर्लाइट मिळत नसेल तर बांधकामावरची वाळू चाळून, बारीक पीठ काढून टाकून, तीन-चार पाण्यांत धुवून घ्या.

मिश्रण मूठभर घेऊन दाबून पाहा. बोटांमधून एक-दोन थेंब आले की ओल बरोबर. धार लागली तर पसरून थोडं वाळवा. ट्रे काठापर्यंत भरून हलकेच ठोका, ठासू नका.

पेरणी

डस्टी मिलरच्या बियांना उगवायला उजेड लागतो. त्या मातीखाली गाडायच्या नाहीत, एवढं पाळलं तरी पुष्कळ झालं. बी चमचाभर कोरड्या बारीक वाळूत मिसळा, म्हणजे एकाच जागी ढीग पडत नाही. दुमडलेल्या कागदाच्या घडीतून बोटाने टिचक्या मारत ते पृष्ठभागावर पसरवा. मग सपाट वस्तूने, अगदी वाटीच्या बुडानेसुद्धा, हलकं दाबा, म्हणजे बी मातीला चिकटेल. फवारणीच्या बाटलीने धुक्यासारखं पाणी मारा. झारी वापरली तर सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जाईल.

वर पारदर्शक झाकण किंवा प्लास्टिक लावा, एका कडेला बोटभर फट ठेवा. ट्रे उजेडात हवा, पण थेट उन्हात नको. प्लास्टिकखाली ऊन लागलं की तासाभरात बी उकडतं.

गझानियाचं बी याच्या उलट, त्याला अंधार लागतो. अर्धा सेंटिमीटर मिश्रणाने झाका. डायकोंड्राचं बी बारीकशा थराने झाकलं तरी पुरे, ते आठवडाभरात वर येतं. गझानिया आठवड्या-दोन आठवड्यांत उगवतो, डस्टी मिलर १० ते १५ दिवसांत.

दवण्याची पद्धत जरा वेगळी. बी फार बारीक असतं. ते फडक्यात सैल बांधून दोन दिवस ओलं ठेवायचं, मग वाळूत मिसळून वाफ्यावर किंवा ट्रेमध्ये पसरायचं. वर बारीक चाळलेल्या गांडूळखताचा नावापुरता थर पुरे. तीन-चार दिवसांत हिरवी लव दिसू लागते. बी गेल्या हंगामाचंच हवं. दवण्याचं बी जुनं झालं की उगवण झपाट्याने घटते, आणि पेरणाऱ्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. विकत घेताना हंगाम विचारून घ्या.

पहिले सहा आठवडे

आता नवख्यांची नेहमीची तक्रार: “चंदेरी म्हणून पेरलं आणि हिरवंच आलं, बी फसवं निघालं.” बी फसवं नसतं. डस्टी मिलरच्या बीजपानांवर, म्हणजे बीतून सगळ्यात आधी निघणाऱ्या पानांच्या जोडीवर, लव जवळजवळ नसते. पहिली एक-दोन खरी पानंही हिरवट-करडी दिसतात. तिसऱ्या-चौथ्या पानापासून पांढरेपणा चढू लागतो आणि खरा चंदेरी रंग दीड-दोन महिन्यांनी, तोही उन्हात. या काळात रोपं तण समजून उपटली जातात, म्हणून ट्रेला चिठ्ठी लावा. नाव आणि पेरणीची तारीख, दोन्ही.

अर्धी-अधिक रोपं दिसली की झाकण काढा. ते तसंच राहिलं तर रोपं कोलमडायला लागतात. खोड जमिनीलगत पाणचट, दोऱ्याइतकं बारीक होतं आणि सकाळी उभं असलेलं रोप दुपारी आडवं पडतं. हा बुरशीचा रोग आहे आणि तो ट्रेभर झपाट्याने पसरतो. पडलेलं रोप पुन्हा उभं राहत नाही. तो भाग चमच्याने मातीसकट उचलून टाका, ट्रे वाऱ्याला ठेवा आणि वरचा थर सुकू द्या. पेरणीआधीच मिश्रणात ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची पावडर मिसळून ठेवली तर धोका बराच कमी होतो. तरी खरा उपाय पाणी आवरण्याचाच. ट्रे परातीत ठेवा, परातीत बोटभर पाणी घाला, वरचा थर ओला दिसला की ट्रे उचलून निथळू द्या. वरून पाणी नाहीच.

बीजपानं सोडून दोन ते चार पानं आली की रोपं वेगळी करायची. आइस्क्रीमच्या काडीने मुळाखालून उचला आणि रोप पानाला धरा, खोडाला नको. पान तुटलं तर दुसरं येतं, पण चिमटलेलं खोड गेलं ते गेलंच. तीन-चार इंची पिशव्यांत किंवा कागदी पेल्यांत एकेक लावा. चार दिवस सावलीत ठेवा, मग सकाळचं ऊन तासभर, पुढे रोज थोडं वाढवत न्या. दवण्याची रोपं बोटभर उंच, म्हणजे ८ ते १० सेंटिमीटरची झाली की थेट मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत लावता येतात, साधारण वीतभर अंतरावर.

कायमची जागा

पाच-सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा निवडा. सावलीत लव विरळ होते, पान हिरवट पडतं आणि फांद्या लांबोड्या होतात. उत्तरेच्या गॅलरीत हा खटाटोप करू नये हे बरं.

कुंडीसाठी एक भाग बागेची माती, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. काळी माती असेल तर तिचं प्रमाण निम्म्यावर आणा. ती पाणी धरून ठेवते आणि सुकली की भेगाळून मुळं तोडते. रोपवाटिकेची लाल माती सोयीची वाटते, पण दोन महिन्यांत ती विटेसारखी घट्ट बसते. मातीची कुंडी प्लास्टिकपेक्षा बरी, बाजूने श्वास घेते. एका रोपाला सहा इंची कुंडी पुरते. जमिनीत लावत असाल तर वाफा वीतभर उंच करा, रोपं २० ते २५ सेंटिमीटरवर लावा आणि खोडाभोवती बारीक खडीचा थर द्या. खालची पानं ओल्या मातीला टेकत नाहीत, आणि पांढऱ्या पानांखाली करडी खडी दिसतेही छान.

लावताना रोप पिशवीत होतं त्याच पातळीला ठेवा. टोमॅटो खोल लावतात, तशी सवय इथे चालत नाही. पुरलेलं खोड कुजतं.

पाणी कधी द्यायचं हे बोट खुपसून किंवा कुंडी उचलून ठरवा. पाणी दिल्यावर कुंडी किती जड लागते आणि सुकल्यावर किती हलकी, हे दोन-तीनदा उचलून पाहिलं की हाताला कळू लागतं. हिवाळ्यात तीन-चार दिवसांआड पुरतं. पाणी सकाळी आणि बुडाशी. पानांवर पाणी पडलं की लव चिकटते आणि पान तेवढ्यापुरतं हिरवट दिसतं. तसं वारंवार झालं तर डाग राहतात.

खताचा हात आखडता ठेवा. युरिया नकोच. नत्र जास्त झालं की पानं मोठी, मऊ, हिरवी होतात, आणि ज्या रंगासाठी एवढा उपद्व्याप केला तोच जातो. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत किंवा पातळ शेणस्लरी भरपूर झाली. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, बाजूने फांद्या फुटून ते गोल होतं. डस्टी मिलरला पहिल्या वर्षी सहसा फुलं येत नाहीत. टिकून दुसऱ्या वर्षात गेलंच तर पिवळी फुलं येतात, ती कळीतच कापली तर पानं चांगली राहतात. दवण्याच्या फुलांना मात्र हात लावू नका, वास त्याच वेळी सगळ्यात भरात असतो.

कीड, आणि एक खबरदारी

मावा शेंड्यावर दिसतो, पाण्याच्या फवाऱ्याने निघून जातो. तो फवारा सकाळी मारा, म्हणजे पानं दिवसभरात वाळतात. पिठ्या ढेकूण मात्र इथे फसवतो. तो पांढरा, पान पांढरं, त्यामुळे आठवडेच्या आठवडे लक्षात येत नाही. पानाच्या देठाच्या बेचक्यात पाहा. कापसासारखा पुंजका दिसला आणि बोटाला चिकट लागलं, तर तोच. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून एकेक पुसून काढा. कडुनिंब तेलाची फवारणी या लवदार पानांवर डाग पाडू शकते, म्हणून आधी एका पानावर करून दोन दिवस पाहा.

डस्टी मिलर खाण्याचं झाड नाही. त्यात यकृताला अपाय करणारी द्रव्यं असतात, त्यामुळे शेळ्या, ससे, रांगती मुलं यांच्यापासून दूर ठेवा. ‘सिनेरारिया मॅरिटिमा’ नावाचे होमिओपॅथिक डोळ्यांचे थेंब मिळतात, त्यावरून कुणी घरच्या पानांचा रस डोळ्यांत घालायला सुचवेल. अजिबात घालू नका.

पावसाळ्यात काय?

पाऊस सोसणारं चंदेरी काहीतरी हवंच असेल तर समुद्रशोक. हा आपल्याकडचाच वेल. मोठ्या हृदयाकृती पानांची खालची बाजू रेशमी पांढरी, वाऱ्याने पान उलटलं की चमकते. बी टणक कवचाचं असतं, म्हणून बीच्या डोळ्याच्या (देठ जोडलेला असतो त्या खुणेच्या) विरुद्ध बाजूला कानस किंवा पॉलिश पेपरने थोडं घासा, रात्रभर कोमट पाण्यात ठेवा आणि फुगलेल्या बिया जूनच्या सुरुवातीला इंचभर खोल लावा. ज्या फुगल्या नाहीत त्या पुन्हा घासायच्या. वेल दांडगा होतो, गॅलरीच्या जाळीचं काम नाही, त्याला मांडव किंवा कुंपण लागतं. बिया विषारी आहेत, तेव्हा त्या मुलांच्या हाती लागू देऊ नका.

डस्टी मिलरच्या चांगल्या कुंड्या एप्रिलपासून दुपारच्या सावलीत हलवा आणि पहिल्या वळवाआधी पत्र्याखाली किंवा छज्जाखाली न्या. जूनमध्ये पाणी जवळजवळ बंदच करा. पुण्यासारख्या ठिकाणी यातली काही तगतात, कोकणात फारशी आशा धरू नका.

दवण्याची दोन-चार झाडं मार्चमध्ये न कापता राहू द्या. बारीक पिवळसर फुलांचे गेंद तपकिरी होऊन वाळले की सकाळी वारा नसताना कागदावर झटका. जे पडेल ते चहाच्या गाळण्यातून चाळा, दोन दिवस सावलीत वाळवा, कागदी पाकिटात घालून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि त्यावर वर्ष लिहा. येत्या ऑक्टोबरला हेच पेरायचं. उरलं तर शेजाऱ्यांना त्याच हंगामात देऊन टाका.